पृथ्वी सापडली का?

जहाजाच्या माथ्यावर काचेचा घुमट, बाहेर तारे, आत एक जुना पडदा. पडद्यावर नुसती खरखर. तिथे आलेली माणसं थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात. खोली रिकामी होते, आणि मग पडद्यावर चित्र उमटतं: चंद्रावर उतरणारं अपोलो ११. ज्या पृथ्वीच्या शोधात अख्खा तांडा अवकाशात भटकतोय, तिचाच निरोप येऊन पोचलेला असतो. बघायला कुणी नसतं.

२९ एप्रिल १९७९ रोजी अमेरिकेत 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा हा भाग दाखवला गेला. तो शेवटचा ठरला. मालिका बंद झाली आणि तो निरोप तसाच त्या रिकाम्या खोलीत राहिला.

मला हा प्रसंग दाखवला तो काकूनं.

१९९६ मध्ये लग्न करून मी पुण्याहून न्यू जर्सीत एडिसनला गेले. एच-फोर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या बायकोचा व्हिसा; तेव्हा त्यावर नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी साडेसातच्या ट्रेनला पळायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि ते दोन खोल्यांचं अपार्टमेंट. समोरच्या दारात एक बाई राहायच्या. शाळेची बस चालवायच्या. सकाळची फेरी झाली की दुपारी अडीचपर्यंत मोकळ्या. माझं नाव त्यांना जमेना, त्यांचं पहिलं नाव घ्यायला मला जीभ रेटेना. शेवटी मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला काकू म्हणतात. त्यांना ते फार आवडलं. पुढे तर ती बसमधल्या मुलांनाही 'काकू' म्हणायला लावायची. महिन्याभरात 'तुम्ही'ची 'तू' झाली.

तिच्याकडे केबल होती, आणि साय-फाय चॅनलवर जुन्या मालिका पुन्हा लागायच्या. विज्ञानकथा मला अगदीच नवी नव्हती. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची, तेव्हा मी आणि दादा न्हाऊन, ओल्या केसांनी सेटसमोर बसायचो. निम्मं इंग्रजी कळायचं नाही. पण 'गॅलॅक्टिका' मी काकूच्या सोफ्यावरच पहिल्यांदा पाहिली. मानवांच्या बारा वसाहती सायलॉन नावाच्या यंत्रसैन्यानं एका रात्रीत बेचिराख केलेल्या. वाचलेली माणसं मिळेल त्या जहाजात बसून निघालेली. पुढे एकच लढाऊ जहाज, त्यावर अडामा, म्हणजे लॉर्न ग्रीन. आजोबांसारखा चेहरा, आवाज घंटेसारखा. मुलगा अपोलो, म्हणजे रिचर्ड हॅच. आणि अपोलोचा जिवलग मित्र स्टारबक. डर्क बेनेडिक्टनं उभा केलेला तो जुगारी, सिगार ओढणारा, गोड हसणारा पोरगा आम्हा दोघींचाही लाडका होता.

काकूला सगळं पाठ होतं. ही मालिका तिच्या काळातल्या अतिशय महागड्या मालिकांपैकी एक, तरी लढाईची तीच ती दृश्यं उलटसुलट वापरलेली असायची. काकू आधीच सांगायची, आता डावीकडून दोन विमानं येतील, मधलं फुटेल. तसंच व्हायचं आणि ती समाधानानं मान हलवायची. आरती म्हणताना पुढचं कडवं ओठांवर आधीच यावं, तसं. एका लहान मुलाच्या यांत्रिक कुत्र्याच्या आत खरं तर एक चिंपांझी होतं, हेही तिनंच सांगितलं. त्या जाड पोशाखात त्या जीवाला किती उकडत असेल म्हणून ती हळहळायची.

पहिला भाग तिनं १७ सप्टेंबर १९७८ च्या रात्री नऊ वर्षांच्या मुलाला मांडीशी घेऊन पाहिला होता. तीन तासांचा भाग मधेच थांबला, कारण व्हाइट हाउसमधून थेट प्रक्षेपण सुरू झालं. कार्टर, बेगिन आणि सादात कॅम्प डेव्हिडच्या करारांवर सह्या करत होते. मुलगा रडायला लागला. काकू त्याला सांगत राहिली, थांब, पुढचं दाखवतील. त्या रात्री दाखवलंही.

एप्रिलनंतर मात्र कुणीच दाखवलं नाही. म्हणजे १९८० मध्ये पुढची म्हणून एक मालिका काढली होती, त्यात जहाज थेट तेव्हाच्या पृथ्वीवर पोचतं. जुने बहुतेक नट गायब, दहाच भाग, आणि तेही बंद. काकू त्याचं नाव काढू द्यायची नाही. ते झालंच नाही, म्हणायची. माझी आजी सांगायची, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आम्ही तर रोज भर दुपारी तीच गोष्ट ऐकत होतो, आणि तो तांडा खरोखरच वाट चुकलेला होता.

जुनी मालिका नव्यानं येणार म्हटलं की चाहते का बिथरतात, याची उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. लोकांना बालपण सोडवत नाही, लोकांना बदल नको असतो. काकूजवळ बसून मला जे दिसलं ते वेगळं होतं. तिला बदल चालत होता. नट म्हातारे झालेत हे तिला ठाऊक होतं. लॉर्न ग्रीन तर १९८७ मध्येच गेला होता. नवे चेहरे आले असते, जहाज जुनं-गंजकं झालेलं दाखवलं असतं, तरी तिनं डोळ्यांत प्राण आणून पाहिलं असतं. तिला हवं होतं ते 'पुढे'. कुणीतरी त्या घुमटाखालच्या खोलीत परत यावं आणि पडद्याकडे बघावं. आणि नव्यानं करणारे नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं द्यायला निघतात. ते म्हणतात 'पुन्हा'. पहिल्यापासून. पुन्हा सुरुवात केली की जुनी गोष्ट थांबली होती तिथेच कायमची थांबते; मग ती अर्धी राहिलेली उरत नाही, रद्द झालेली होते. चाहत्यांची भीती ही होती, आणि ती मला आजही रास्त वाटते.

आपल्याकडे पुन्हा सांगण्याला कुणी घाबरत नाही. कीर्तनकार उत्तररंगात तेच आख्यान लावतो, अख्ख्या देवळाला शेवट माहीत असतो, आणि तरी माणसं थांबतात. नाटकांच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापून येतं. जुने लोक 'मूळ संचातलं' पाहिल्याचं अभिमानानं सांगतात आणि तरी नव्या संचाचं तिकीट काढतात. 'नटसम्राट'मधले श्रीराम लागूंचे बेलवलकर पाहिलेल्यांनी दत्ता भटांचेही पाहिले. पण ही सगळी पुरी झालेली कथानकं आहेत. राम अयोध्येला परतलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा वनवासाला पाठवता येतं. अर्ध्या वाटेवर असलेल्या माणसांना पुन्हा घरापासून निघायला लावणं वेगळं.

हे सगळ्यांत खोलवर ज्याला लागलं तो रिचर्ड हॅच. 'पुढे'साठी हा माणूस वर्षानुवर्षं झगडला. अपोलोची पुढची गोष्ट सांगणाऱ्या कादंबऱ्या त्यानं सहलेखकांबरोबर लिहिल्या. मग १९९९ मध्ये स्वतःच्या खिशातले पैसे घालून एक छोटी झलक बनवली, त्यात मूळ मालिकेतले काही सोबती घेतले, आणि ती गावोगावच्या चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखवत फिरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. हक्क ज्यांच्या हातात होते त्यांच्यापर्यंत मात्र त्या टाळ्या पोचल्या नाहीत. २००१ मध्ये ब्रायन सिंगर आणि टॉम डिसँटो यांनी 'पुढे'च्या वाटेनं जाणारी मालिका हाती घेतली, तयारीही सुरू झाली. काकूनं मुलाला फोन करून सांगितलं, आता होतंय. मग ११ सप्टेंबर आला. काम लांबलं, सिंगर दुसऱ्या चित्रपटाकडे वळला आणि ते बारगळलं.

त्या सप्टेंबरबद्दल मी फारसं लिहू शकत नाही. आमच्या स्टेशनवरून रोज सकाळी शेकडो माणसं न्यूयॉर्कला जायची. नंतरचे कित्येक आठवडे भिंतींवर, खांबांवर हरवलेल्यांचे फोटो होते. काकू बस चालवत राहिली. म्हणाली, मुलं तेवढी वेळेवर घरी पोचली पाहिजेत.

रोनाल्ड मूर यांनी नव्या 'गॅलॅक्टिका'चा विचार सुरू केला तो याच्यानंतर काही महिन्यांनी. माणूस नवशिका नव्हता, 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकांसाठी वर्षानुवर्षं लिहून तयार झालेला होता. त्यांनी आणि डेव्हिड आयक यांनी ठरवलं, पुन्हा पहिल्यापासून. सायलॉन आता माणसांनीच बनवलेले, आणि त्यांतले काही माणसासारखेच दिसणारे. कोण आपलं, कोण परकं, कळायचं नाही. कुत्रा नाही. आणि स्टारबक ही मुलगी. केटी सॅकॉफ.

चाहते उसळले. खुद्द डर्क बेनेडिक्टनं २००४ मध्ये रागानं भरलेला लेख लिहिला. २००३ मध्ये पंचविसाव्या वर्षाचा मोठा मेळावा भरला होता, त्यात मूर स्वतः आले, प्रसंग दाखवले, आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. मेळावा रिचर्ड हॅचचा. ज्याचं स्वप्न या नव्या मालिकेनं कायमचं मिटवलं होतं, त्या माणसानं उठून आपल्याच लोकांना सभ्यपणे वागायला सांगितलं. कुणाचीही बाजू घ्यायची झाली तर मला आधी त्या क्षणाच्या बाजूला उभं राहावंसं वाटतं. नवा अडामा झालेल्या एडवर्ड जेम्स ओल्मोसनं तर जुन्या निष्ठावंतांना सांगूनच टाकलं होतं की तुम्ही हे बघू नका. अनेकांना ते उद्धट वाटलं. मला वाटतं, इतकं प्रामाणिकपणे बोलणारा तो एकटाच होता.

८ डिसेंबर २००३ ला पहिला भाग लागला. काकूनं पाहिला नाही. स्टारबकचं कारण सांगेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, शहरं जळताना मी एकदा पाहिली, आता मला ती गोष्ट म्हणून नकोत. १९७८ मध्ये बारा ग्रहांचा नाश तीन तासांच्या भागात आटोपता येत होता, आठवड्याभरात नायक जुगाराच्या अड्ड्यावर हसू शकत होते. नव्या मालिकेत तो नाश संपतच नव्हता. जहाजाच्या बोळात भिंतभर फोटो लावलेले, खाली मेणबत्त्या. राष्ट्राध्यक्षबाईंच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा, पन्नास हजारांच्या आसपास, रोज पुसून नव्यानं लिहिलेला. एका भागात सायलॉन दर तेहतीस मिनिटांनी हल्ला करतात, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, आकडा उतरत जातो. आणि शेवटी एका बाळाच्या जन्माची बातमी येते तेव्हा त्या फळ्यापाशी जाऊन आकडा एकानं वाढवतात. मी दार लावून, आवाज बारीक करून हे सगळं पाहिलं. समोरच्या दारात काकू होती, आणि आपण काहीतरी चोरून खातोय असं वाटत होतं.

पण मी पाहत राहिले. आणि पहिल्याच भागात मला असं काही दिसलं की तिला हात धरून ओढून आणावं. नवी 'गॅलॅक्टिका' सुरू होते तेव्हा जहाज म्हातारं झालेलं असतं. त्याचं संग्रहालय व्हायचं असतं. त्या संग्रहालयात काचेआड १९७८ चा सायलॉन उभा आहे, तोच चकचकीत, तोच रूपेरी. निरोपाच्या समारंभात विमानं डोक्यावरून जातात तेव्हा वाजते ती मूळ मालिकेची, स्टू फिलिप्सची जुनी धून. आणि नव्या, एकमेकांना जोडलेल्या संगणकांची जहाजं शत्रू चुटकीसरशी बंद पाडतो, तेव्हा वाचते ती हीच, जाड वायरींचे फोन आणि सुटे संगणक असलेली जुनी. ज्यांनी हे लिहिलं ते जुन्याचे वैरी नव्हते. त्यांनी जुन्याला देव्हाऱ्यात ठेवलं होतं. काकूला मात्र देव्हारा नको होता. तिला तो तांडा चालताना हवा होता.

आणखी एका गोष्टीनं मी हलले. मालिकेच्या शीर्षकसंगीतात, रिचर्ड गिब्जच्या चालीत, बाईच्या आवाजात शब्द आले: ॐ भूर्भुवः स्वः, तत्सवितुर्वरेण्यम्. मी ताडकन उठून बसले.

आमच्या घरी गायत्री मुलींना देत नसत. दादाच्या मुंजीत बाबांनी त्याला उपरण्याखाली घेऊन ती त्याच्या कानात सांगितली, मी समोर अक्षता घेऊन उभी होते. पुढे रोज सकाळी बाबांची संध्या चाले, तेव्हा देवघराच्या उंबऱ्याशी बसून मी ती ऐकून ऐकून शिकले. कुणी शिकवली नाही, कुणी अडवलंही नाही. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली ही ऋचा हजारो वर्षं एक मात्रा न चुकवता एका तोंडातून दुसऱ्या कानात आली. उदात्त कुठे, अनुदात्त कुठे, सगळं ठरलेलं. आणि इथे ती सायलॉनच्या युद्धावर, भलत्याच सुरांत. पहिली भावना रागाची होती. विचारलंत कुणाला? काकू काय म्हणत असते ते त्या क्षणी मला शब्दांनी नाही, पोटातून कळलं.

दुसरी भावना यायला थोडे दिवस लागले. एक बाई मोकळ्या आवाजात गायत्री गात होती. मला जी उंबऱ्याबाहेरून ऐकावी लागली, ती. आणि त्याच मालिकेत एक मुलगी स्टारबक झाली होती, सिगार ओढत होती, सगळ्यांत उत्तम विमान चालवत होती. जुन्या स्टारबकवर माझा जीव होता, आजही आहे. पण त्याच्यासारखं व्हावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. हिला बघून सुचलं. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते.

आपल्याकडे दोन्ही आहे, मंत्र आणि आख्यान. मंत्र जसाच्या तसा द्यायचा, आख्यान दर वेळी आपल्या काळाचं करून सांगायचं. चाहत्यांनी ती चोवीस भागांची मालिका मंत्रासारखी जपली होती, कारण पुढे काही येणार नसेल तर आहे ते अक्षर न अक्षर राखणं एवढंच हातात उरतं. मूर यांनी तिचं आख्यान केलं. मला दोघांचंही म्हणणं पटतं, आणि तरीही दोघांना एका सोफ्यावर बसवता येत नाही.

रिचर्ड हॅच बसला. २००४ पासून तो नव्या मालिकेत दिसू लागला. अपोलो म्हणून नाही. टॉम झॅरेक नावाचा बंडखोर, वीस वर्षं तुरुंगात काढलेला, सत्तेला प्रश्न विचारणारा. पहिल्याच भेटीत तो नव्या अपोलोसमोर उभा राहतो. जुना अपोलो नव्याकडे बघतोय, आणि त्या डोळ्यांत काय काय आहे. तो ७ फेब्रुवारी २०१७ ला गेला, तेव्हा चाहत्यांनी दोन्ही भूमिकांसाठी त्याला निरोप दिला.

२०१९ मध्ये आणखी एक नवी 'गॅलॅक्टिका' सॅम इस्मेल करणार असं जाहीर झालं. ज्यांनी २००३ ची मालिका डोक्यावर घेतली होती, त्यांचे चेहरे मला माझ्या आरशात दिसले. आता कशाला? झालंय की पुरतं. स्टारबक कोण होणार? पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, ते काम ती मालिका दाखवणार असलेल्या कंपनीनं सोडून दिल्याची बातमी आली, आणि मला जो सुटकेचा श्वास आला त्याची नोंद मी इथे करून ठेवते. काकूवर मी मनातून जी थोडी नाराज होते, ती नाराजी त्या दिवशी गेली.

काकूचं राहिलं.

आम्ही २००८ मध्ये पुण्याला परतलो. नवी मालिका २० मार्च २००९ ला संपली. त्या वर्षी दिवाळीत नणंद आली ती शेवटच्या भागांच्या डीव्हीडी घेऊन. मी दोन रात्री लॅपटॉपसमोर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. काकूची नोकरी संपली होती, ती मुलाकडे पश्चिम किनाऱ्यावर राहायला गेली होती, आणि दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला दर वर्षी चार दिवस चुकून का होईना फोन करायची. इकडचं तिकडचं झालं. गुडघे, नातू, पाऊस. मग ती जरा थांबली.

"तू ते बघितलंस ना? नवं."

मी हो म्हटलं. सहा वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"पृथ्वी सापडली का?"

मी सांगितलं. सापडते. आपलीच. पण दीड लाख वर्षांपूर्वीची, गवताळ, मोकळी. माणसं जहाजं सोडून पायी चालू लागतात. मग तो रिकामा तांडा सूर्याच्या दिशेनं सोडून देतात, म्हातारं जहाज सगळ्यांत पुढे, आणि तेव्हा मागे जुनी धून वाजते.

"कुठली जुनी?"

"आपली. स्टू फिलिप्सची."

तिनं काही म्हटलं नाही. मी फोन कानाला धरून ठेवला, लॅपटॉप उघडला, तो प्रसंग शोधला आणि रिसीव्हर स्पीकरपाशी नेला. धून वाजली. पडद्यावर जहाजं उजेडात शिरत गेली. मी रिसीव्हर परत कानाशी आणला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"काकू?"

"पुन्हा लाव," ती म्हणाली.